ते घेतात, आम्ही पितो

"उतरव ह्याला. गाडी घाण करील."

काळ्या-पिवळ्या जीपचा ड्रायव्हर माझ्या वडलांबद्दल असं म्हणाला. नायगावहून नांदेडला निघालो होतो आम्ही दोघं. सकाळची वेळ. मी सोळा वर्षांची, दहावी पास झालेली. अकरावीच्या प्रवेशासाठी चाललो होतो. कागदांची पिशवी माझ्या मांडीवर. मागच्या बाकावर चौघांच्या जागेत सहा माणसं कोंबलेली.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना एकाएकी घाम फुटला. सदरा चिंब झाला. हात थरथरायला लागले. "पानी" म्हणायला गेले तर जीभ वळेना. मग त्यांची मान शेजारच्या माणसाच्या खांद्यावर पडली. त्याचा शर्ट पांढरा होता, कडक इस्त्रीचा. तो झटक्यानं बाजूला सरकला.

"सकाळी सकाळीच टाकली का रे?"

जीपमधले हसले. समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला. दारूचा वास नव्हताच. तरी लावला.

मी म्हणाले, "माझे वडील पीत न्हाईत."

"मग काय दूध पिऊन झुलायलेत?" पांढरा शर्ट म्हणाला.

पुन्हा हसले. जीप थांबली. दोघांनी दादांना काखेत धरून खाली उतरवलं आणि रस्त्याच्या कडेच्या खडीवर बसवलं. बसवलं काय, टाकलं. पिशवी मागून आली. त्यातली माझी मार्कशीट उडाली. मी एका हातानं दादांची मान धरली आणि दुसऱ्या हातानं मार्कशीट पकडली. ती का पकडली, दोन्ही हातांनी दादांना का धरलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

माझे दादा गवंडी होते. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, दारूच्या शीलाला, त्यांचा आवाज चढायचा. त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ, माझा चुलता, दारूनंच मेला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डोळे हळदीसारखे, हातापायाच्या काड्या. शेवटी रक्ताची उलटी झाली, ती दादांनी परातीत धरली होती. आमच्यात कुणी पीत नाही असं मी म्हणत नाही. पितात. मरतात. पण दादा पीत नव्हते.

त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी गोळी असायची. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली आणि भाकर खाल्ली नाही. रांगेत नंबर लांब जाईल म्हणून.

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला नांदेडच्या एका दवाखान्यात सोडलं. तिथं तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांनी पेन उचललं.

"कधीपासून पितो?"

"पीत न्हाईत, सर."

"सगळे असंच म्हणतात. झोपू दे. उतरेल तासाभरात."

"सर, त्यांना साखर हाय."

"असेल. आधी उतरू दे."

मी एकदाच सांगितलं. हळू आवाजात. दुसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टर शिकलेले, मी दहावी. मला वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. त्या एका वाटण्याची किंमत दादांनी मोजली.

दहा वाजता त्यांना व्हरांड्यातल्या फरशीवर झोपवलं. बारा वाजले. एक वाजला. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जायचे. दीडच्या सुमाराला एक म्हातारी मुसलमान बाई, तिचा नातू आत भरती होता, दादांजवळ बसली. त्यांच्या कपाळाला हात लावला. वाकून तोंडाचा वास घेतला.

"बेटा, दारू की बास नइं आती. इनो कू शक्कर की बिमारी हय क्या?"

मी मान हलवली. ती उठली, आतल्या सिस्टरचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर आणलं. "मेरे घर में बी ऐसाच होता था. पहले शक्कर देखो."

सिस्टरनं बोटाला सुई टोचली. यंत्राकडं बघितलं आणि पळाली. मग सलाइन आलं, ग्लुकोज आलं, मोठे डॉक्टर आले. साखर इतकी उतरली होती की मेंदूला तासन् तास काही मिळालंच नव्हतं. तपासायला मिनिट लागलं असतं. नुसता तोंडाचा वास घ्यायलाही मिनिटच. ते एका म्हाताऱ्या बाईनं केलं, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

दादा जगले. पण गवंडी राहिले नाहीत. ओळंबा सोडायचे आणि तो कशासाठी सोडला ते विसरायचे. विटेवर वीट ठेवून तिच्याकडं बघत बसायचे. शब्द हरवायचे. एक वाक्य तेवढं नीट यायचं. गावात कुणीही भेटलं, ओळखीचं असो नसो, त्याला थांबवून सांगायचे, "म्या पिलो नव्हतो." पोस्टमनला सांगायचे. शाळेच्या पोरांना सांगायचे. ती पोरं मागं लागायची, "दादा, पिला होता का?" आणि दादा पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचे.

दवाखान्यातून सुटताना जो कागद मिळाला, त्यावर इंग्रजीत तीन शब्द होते. मी ते शाळेतल्या शब्दकोशात बघून लावले. जुना सवयीचा दारुडा. साखर सापडली तरी ते शब्द कुणी खोडले नव्हते. पुढं आम्ही जिथं जिथं त्यांना नेलं, तिथं डॉक्टर आधी कागद वाचायचे आणि मग दादांकडं बघायचे. कुणी उलटं केलं नाही. चार वर्षांनी दादा गेले.

तोवर मी लातूरला नर्सिंगला होते. लोकांना वाटतं, वडलांचं असं झालं म्हणून पोरगी सेवा करायला निघाली. सेवा वगैरे नाही. मला तो कागद लिहिणारं पेन पाहिजे होतं.

आणि पेन हातात आल्यावर मी काय केलं, तेही सांगते. लपवणार नाही.

नर्सिंगचं तिसरं वर्ष होतं. वॉर्डात दोन माणसं शेजारी शेजारी भरती होती, मधे हिरवा पडदा. एक बँकेतले साहेब, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेले. दुसरा डाळमिलमधला हमाल, पोत्यांच्या थप्पीवरून पडलेला. मी दोघांचे कागद भरले. साहेबांना विचारलं, "सर, कधी ड्रिंक्स वगैरे घेता का?" ते म्हणाले, "अधूनमधून. सोशल." मी लिहिलं, अधूनमधून. मग पडदा सरकवून इकडं आले आणि उभ्या उभ्या विचारलं, "किती पितोस?"

पन्नाशीचा माणूस. खांद्यावर पोत्यांचे घट्टे.

"पितो की, ताई. सांजच्याला. पाठ लई बोलती तवा." मग पडद्याकडं मान वळवून म्हणाला, "पर त्यांला तुमी 'घेता का' म्हनलं अन् मला 'पितोस'. पोटात गेल्यावर दारू काय दोन जातीची होती का?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो मला दुरुस्त करत होता, एवढंच.

मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. अंगात पांढरा युनिफॉर्म. जीपमधला शर्टही पांढराच होता. मी त्या बाकावर कधी जाऊन बसले, मला समजलंच नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं. नुसतं बघून बघून अंगात मुरलं होतं. ते घेतात, आम्ही पितो. त्यांना सवय असते, आम्हाला व्यसन. त्यांचं लिव्हर जरा सुजलेलं असतं, आमचं दारूनं सडलेलं.

त्या दिवसापासून मी एकच वाक्य ठरवलं. दारू पिता का, किती पिता, शेवटची कधी प्यालात. सगळ्यांना हेच. हमालालाही 'पिता'. साहेबालाही 'पिता'.

पास झाल्यावर लातुरातच एका खाजगी दवाखान्यात लागले. तिथं एकाच महिन्यात दोन मुलं आली. दोघंही एकोणीस-वीसची. दोघांनाही कानात आवाज यायचे, दोघांनाही वाटायचं कुणीतरी मागावर आहे, दोघं झोपत नव्हते. दोघंही गांजा ओढायचे, रोज. एक ऑटोवाल्याचा मुलगा, एक क्लाससाठी बाहेरगावहून आलेला, होस्टेलवर राहणारा, मोठ्या बागायतदाराचा. ऑटोवाल्याच्या मुलाच्या कागदावर पहिलाच शब्द होता गांजा. होस्टेलच्या मुलाच्या कागदावर, अभ्यासाचा ताण. त्यानं स्वतः मला गांजाचं सांगितलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं. त्याचे वडील म्हणाले, "पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तेवढं लिहू नका." डॉक्टरांनी नाही लिहिलं.

ऑटोवाल्याचा मुलगा शिव्या खाऊन, मार खाऊन, पण गांजा सोडून सावरला. त्याला निदान कुणीतरी सांगितलं होतं की हे कशानं झालं. होस्टेलचा मुलगा ताणाच्या गोळ्या घेऊन परत गेला आणि परत ओढायला लागला. तीन महिन्यांनी आला तेव्हा आईला ओळखत नव्हता. ती त्याला घास भरवायला गेली तर त्यानं ताट भिरकावलं. म्हणाला, तू विष घालतेस.

तेव्हा मला कळलं, हे खोटं दोन्हीकडून मारतं. दादांना नसलेली दारू लिहून मारलं. ह्या मुलाला असलेला गांजा न लिहून.

मग सर आले.

सर म्हणजे एका मोठ्या क्लासचे मालक. शहरात जिथं बघाल तिथं त्यांचा फोटो, हाताची घडी घातलेला. सोमवारी सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. स्पेशल रूम. कागद भरायला मी गेले. खुर्चीत त्यांची बायको, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे.

"सर, दारू पिता का?"

सरांनी डोळे मिटून घेतले. मॅडम उभ्या राहिल्या.

"पिता का म्हणजे? कुणाशी बोलताय तुम्ही?"

"सगळ्यांनाच विचारते, मॅडम. ऑपरेशन आहे. पीत असतील तर आधी कळलेलं बरं. एकदम बंद झाली की तिसऱ्या दिवशी त्रास होतो."

"आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"तरीच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या वस्तीत रोज बघत असाल. म्हणून सगळीकडं तेच दिसतं."

मोठे डॉक्टर दारातच होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. ते मलाच म्हणाले, "सिस्टर, माणूस बघून विचारायचं असतं."

कागदावर 'व्यसन : नाही' असं लिहायला सांगितलं. मी 'नातेवाईक नाही म्हणतात' असं लिहिलं. एवढंच जमलं त्या दिवशी.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी दुपारी जेवणानंतर सरांच्या हातातला पाण्याचा पेला सांडला. बोटं थरथरत होती. अंगाला घाम. नाडी एकशे तीस. चादर ओरबाडायला लागले, म्हणाले मुंग्या आहेत. थोड्या वेळानं समोरच्या भिंतीकडं बोट करून दरडावायला लागले, "मागच्या बाकावरचे, उभे राहा. सूत्र सांगा." भिंतीवर कुणी नव्हतं. मोडलेल्या पायावर उठून उभं राहायला बघत होते. दोन वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी धरलं.

ड्युटीवरचे छोटे डॉक्टर म्हणाले, "दुखण्याच्या इंजेक्शननं होतं असं." मी म्हणाले, "सर, दारू बंद झाल्याचं आहे हे. माझ्या चुलत्याचं बघितलंय. फिट येईल." त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून काय सांगितलं माहीत नाही. फोन ठेवून म्हणाले, "वाट बघू."

वाट बघू. नांदेडच्या फरशीवर मी साडेतीन तास वाट बघितली होती.

मी नोंदवही ओढली आणि लिहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. हातांना कंप, घाम, नाडी, नसलेल्या गोष्टी दिसतात. दारू अचानक थांबल्याची लक्षणं वाटतात. डॉक्टरांना कळवलं. खाली सही केली. मग कुणाला न विचारता वरच्या मजल्यावरच्या फिजिशियनना फोन लावला. ते आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे नव्हते. म्हणाले, "येतो. ग्लुकोज लावायच्या आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन तयार ठेवा."

ते आले. सरांकडं एकदा बघितलं आणि मॅडमना कोपऱ्यात घेतलं. मी इंजेक्शन भरत होते. मला ऐकू येत होतं.

"रोज?"

मॅडमनी दाराकडं बघितलं.

"मॅडम, खोटं सांगाल तर माणूस हातचा जाईल. रोज?"

"रोज," मॅडम म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. क्लासवरून आले की. हल्ली सकाळीपण."

म्हणजे सोमवारी सकाळी पाय का घसरला, तेही कळलं.

सर वाचले. दोन दिवस आयसीयूत होते, मग शुद्धीवर आले. मला बघितलं की मान भिंतीकडं वळवायचे. मॅडमना मी एकदा जिन्यात एकटी दिसले. त्या थांबल्या. काहीतरी बोलणार होत्या. मग पदर सावरून निघून गेल्या. बारा वर्षं ती बाई काय बघत आली असेल, ह्याचा मी विचार केला. तिची कीव आली. राग गेला नाही.

सरांना सोडायच्या आदल्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मोठे डॉक्टर, मेट्रन आणि टेबलावर माझी नोंदवही.

"हे पान बदलून लिहा," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतरचा गोंधळ, एवढंच. दारूचा उल्लेख नको. आणि सरांच्या घरच्यांना उद्धट बोलल्याबद्दल दोन ओळी माफीच्या."

मेट्रन मला आईसारख्या समजावत होत्या. "लिहून टाक गं. कुणाला काय फरक पडतो."

मी दादांचं बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या टेबलावर दादांना न्यायची मला इच्छा झाली नाही. तिथली दोघं ऐकून घेण्याच्या लायकीची नव्हती.

मी म्हणाले, "फरक पडतो. उद्या ते दुसऱ्या दवाखान्यात गेले, तिथं पुन्हा 'नाही' म्हणाले, तर तिथं मरतील."

"ते आम्ही बघू."

"बघा. पण पान माझ्या अक्षरात आहे. बदलायचं असेल तर तुमच्या अक्षरात बदला. खाली तुमची सही करा."

डॉक्टरांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "तुम्हाला किती गर्व आहे, सिस्टर."

"हाव," मी म्हणाले. "हाय."

लातुरात आल्यापासून मी गावाकडचं बोलणं दाबून ठेवलं होतं. त्या दिवशी 'हो'च्या जागी 'हाव' आपोआप बाहेर आलं.

दुसऱ्या दिवसापासून मला येऊ नका म्हणून सांगितलं. कपाट रिकामं करताना जिच्याबरोबर डबा खात होते ती मैत्रीण मला बघून दुसऱ्या वॉर्डात गेली. मी तिला दोष देत नाही. तिलाही घर आहे. पण लक्षात ठेवलंय.

पान पुढं बदललं की नाही, मला माहीत नाही. बदललंच असेल. त्यानंतर काही महिन्यांनी शहरात व्यसनमुक्तीची फेरी निघाली. पुढं शाळेची मुलं फलक घेऊन, जीपवर प्रमुख पाहुणे म्हणून सर, हातात काठी. फेरी आमच्या गल्लीतून नेली. भीमनगरातून, मग शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातून. मोहल्ल्यात कुणाच्या घरात दारू शिरत नाही, तरी नेली. ज्या कॉलनीत सरांचा बंगला आहे, त्या रस्त्याला फेरी वळली नाही. सर माझ्या दारासमोरून गेले. त्यांनी मला ओळखलं. मी दारातच उभी राहिले, आत गेले नाही. शेवटी त्यांनीच मान वळवली.

आता मी रेणापूरकडच्या एका छोट्या दवाखान्यात काम करते. मागच्या आठवड्यात तिथल्या एका पुढाऱ्याचे वडील भरती झाले. पाय सुजलेले, पोटात पाणी. भोवती दहा-बारा माणसं. आमचे डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, जरा सांभाळून." मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. ही नोकरी गेली तर तिसरी शोधावी लागेल, आणि लातुरात माझ्या नावाचा बोभाटा आधीच झालेला आहे.

मी स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याच्या उशाशी बसले.

"आजोबा, दारू पिता का?"

मुलगा पुढं आला. "ओ सिस्टर, काय विचारायलात तुम्ही?"

"तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणाले. "मी ह्यांना विचारलंय."

तो गेला नाही. मीही उठले नाही. पेनाचं टोपण काढून बसून राहिले. म्हातारा मुलाकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग छताकडं.

सांगेल तेव्हा सांगेल. मी बसलेली आहे. जे आहे ते मी लिहिणार. जे नाही ते कुणाला लिहू देणार नाही. खाटेवर कुणीही असो. ज्याला माझं आडनाव विचारायचं असेल, त्यानं विचारावं. तेही मी मोठ्यानं सांगणार आहे.